दुरुस्त केलेला हात

ती काळी डबी माझ्यासमोर ठेवली, तेव्हा मी आधी तिच्या मागे हात घालून वायर कुठे जाते ते पाहिलं. वायर टेबलाच्या भोकातून खाली उतरून कॉम्प्युटरला लागली होती. तिथून पुढे काय जात होतं, कुणाकडे जात होतं, ते दिसायला मार्ग नव्हता, आणि जे दिसत नाही त्यावर माझा विश्वास बसत नाही. बायको म्हणते, तुम्हाला दूध तापायच्या आधीच त्यात माशी दिसते. म्हणू दे. माशी पडलेलं दूध मी आजवर प्यालेलो नाही.

डबी साबणाच्या वडीएवढी. पुढे दोन काचेचे डोळे. दाखवणारी मुलगी पुण्याची, इंजिनीअर, इंदिरानगरच्या त्या ऑफिसात हे काम तिच्याकडे होतं. मराठी माणूस भेटला म्हणून तिला केवढा आनंद झाला होता. मला मात्र वाटलं, माझ्याशी बोलायला मराठीच मुलगी बरोबर कशी काय सापडली यांना?

"खरं तर ही गेमिंगसाठीची वस्तू आहे, काका," ती म्हणाली. "एकदम स्वस्तातली. ही फक्त तुमचे हात बघते. प्रत्येक बोट कुठे आहे ते कॉम्प्युटरला सांगते. तुम्ही हवेत हात फिरवायचे, आणि स्क्रीनवरचा गोळा तसा घडत जाणार."

"फक्त हात?"

"फक्त हात."

चोरालाही फक्त कुलूपच बघायचं असतं. पण हे मी मनात म्हटलं.

मी पॅटर्नमेकर आहे. स्टीलची किंवा बिडाची एखादी वस्तू ओतायची असेल, तर आधी तशीच लाकडाची करावी लागते. ती वाळूत दाबायची, वाळूला धक्का न लावता अलगद काढायची, आणि मागे राहिलेल्या पोकळीत वितळलेला धातू ओतायचा. ती लाकडाची वस्तू म्हणजे पॅटर्न. बेळगावात एका म्हाताऱ्या मेस्त्रीच्या हाताखाली मी हे काम शिकलो आणि बोम्मसंद्र्याच्या औद्योगिक वसाहतीत येऊन तेच करत राहिलो. एके काळी आमच्या शॉपमध्ये सात बाकडी होती. मी सांगतो आहे त्या दिवसांत एकच उरलं होतं. त्याच्या एका बाजूला मी आणि दुसऱ्या बाजूला माझा जोडीदार. हा निपाणीकडचा, माझ्याहून बारा-तेरा वर्षांनी लहान. याला मीच इथे आणला होता. मराठी बोलता बोलता कन्नडमध्ये शिरतो आणि परत येतो, आणि मला अण्णा म्हणतो.

आमचा मालक म्हणजे जुन्या मालकांचा मुलगा. माणूस वाईट नाही, पण रंधा कुठला आणि पटाशी कुठली हे त्याला सांगावं लागतं. एक दिवस त्याने मला आत बोलावलं, खुर्ची दिली. खुर्ची मिळाली तेव्हाच मी ओळखलं, पाणी कुठेतरी मुरतंय. त्याने सांगितलं ते असं: इंदिरानगरची काही मंडळी हवेत हात फिरवून वस्तू घडवायचं तंत्र काढत आहेत. घडवलेली वस्तू कॉम्प्युटरमधून थेट लाकूड कोरणाऱ्या मशीनला जाते. त्यांना शिकवायला एक मुरलेला हात हवा आहे. तुम्ही आठवड्यातून तीन दिवस जा. एक खरंखुरं काम त्यांच्या पद्धतीने पार पडलं, तर पुढचं सगळं काम तिकडेच द्यायचं.

"आणि बाकडं?" मी विचारलं.

त्याने पेन उघडलं, बंद केलं. मग म्हणाला, बाकडं मग कशाला लागेल?

म्हणजे ज्या फांदीवर आम्ही दोघं बसलो होतो, ती तोडायची कुऱ्हाड माझ्याच हातात दिली जात होती, आणि वर खुर्चीही. मी नाही म्हणणार होतो. पण मी नाही म्हटलं असतं तर जोडीदाराला पाठवलं असतं, आणि तो भोळा आहे, कुणी एक कॉफी पाजली तर अख्खा हात काढून देईल. शत्रूच्या घरात आपलं माणूस असावं म्हणून मी गेलो. मेट्रो दोनदा बदलून, डबा घेऊन, सोमवार-बुधवार-शुक्रवार.

तिथे पहिल्या दिवशी एका कागदावर सही मागितली. मी तो कागद घरी आणला आणि चार दिवस ठेवला. इंग्रजी होता. मुलीने प्रत्येक ओळ मराठीत समजावून सांगितली, तरी एक ओळ तिने जरा पटकन सांगितली असं मला वाटत राहिलं. शेवटी सही केली, पण नेहमीची नाही, थोडी वेगळी. त्याने काय साधलं ते मला आजही सांगता येणार नाही.

आता त्या हवेतल्या कामाबद्दल सांगतो. स्क्रीनवर एक राखाडी गोळा. टेबलाच्या वर, डबीसमोर हात धरले की स्क्रीनवर दोन हात दिसत, हाडांच्या सांगाड्यासारखे. चिमूट केली की गोळा तिथे ओढला जाई, तळवा लावला की सपाट होई, दोन्ही हात लांब केले की लांब होई. सगळं होत होतं. फक्त हाताला काहीच लागत नव्हतं. लाकूड म्हणजे कसं, ते बोलतं. रेषेच्या उलट गेलात तर कुरकुरतं, गाठ आली की पटाशीला थांब म्हणतं. हे लाकूड मुकं होतं. तासाभराने माझे दंड भरून आले, आणि काम म्हणाल तर काहीच केल्यासारखं वाटेना. स्वप्नात जेवल्यासारखं.

एकदा मी कडा साफ करून, सवयीने, वाकून त्यावर फुंकर मारली. भुसा उडवायला. मुलगी हसली, मीही हसलो. मग मी तळव्याने वरून झाडून घेतलं, तेही सवयीनेच. त्याबरोबर स्क्रीनवरच्या त्या सुरेख सपाट पृष्ठभागाला सुपासारखा खोलगट खड्डा पडला. तासाभराचं काम गेलं. ती म्हणाली, "अरे, हे तर आम्हाला माहीतच नव्हतं, तुम्ही लोक झाडता." आणि तिने ते लिहून घेतलं. पुढच्या खेपेला झाडलं तर खड्डा पडेना.

तिथे मी चपापलो. म्हणजे माझी प्रत्येक सवय ती टिपत होती. मी नाक खाजवलं तर तेही टिपणार. त्या दिवसापासून मी तिच्यासमोर हात जपून हलवू लागलो, आणि ती डबी बंद असली तरी तिच्यावर माझा रुमाल टाकून ठेवू लागलो. ती रुमालाला काही म्हणाली नाही. रोज मला आत आल्यावर कॉफी आणून देई, आणि मी ती अर्धी ठेवी.

तिच्या वागण्यात खोट काढण्याचा मी पुष्कळ प्रयत्न केला. ओळख ना पाळख, आणि काका काका. डब्यात काय आहे विचारायची. माझ्या गुडघ्याची चौकशी करायची. गोड बोलून गळा कापणारे मी पाहिलेत, ते असेच सुरुवात करतात. शॉपमध्ये जोडीदाराला मी हे सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "अण्णा, ती पोरगी स्वल्प चांगलीच असंल की. सगळीच कशाला वाईट असत्यात?" मी त्याला म्हटलं, तू पटाशीला धार लाव.

मग मापाची भानगड निघाली.

तिने मला पट्टी न वापरता, नुसत्या हाताने, सांगितलेल्या मापाच्या वस्तू घडवायला सांगितल्या. स्क्रीनवर आकडे झाकलेले. ठोकळा, नळी, झाकण, पुन्हा ठोकळा. मला यात गंमत वाटली, कारण नजरेने माप काढण्यात मला आजवर कुणी हरवलेलं नाही. आठवडाभर ते चाललं. शुक्रवारी ती समोर बसली, लॅपटॉप मिटला आणि जरा चाचरत म्हणाली, "काका, ॲक्च्युअली तुमचे सगळे आकार साधारण चार टक्क्यांनी मोठे येतायत."

"मशीन चुकत असेल तुमचं."

"मलाही तसंच वाटलं. स्वस्तातला सेन्सर आहे ना. म्हणून मी परत कॅलिब्रेट केलं, मोजलेली फळी ठेवून तपासलं. फळी बरोबर दाखवतंय. आमच्या बाकीच्यांचे हात कधी मोठे, कधी लहान येतात. तुमचा मात्र कायम मोठाच, कायम तेवढाच."

चार टक्के म्हणजे काय ते मला कळेना. आम्ही टक्क्यांत काम करत नाही. मला एवढंच कळलं की ही पोरगी माझा हात चुकीचा आहे असं म्हणते आहे, आणि ते कुठेतरी लिहिलेलंही असणार, आणि तो कागद आज ना उद्या माझ्या मालकाच्या टेबलावर जाणार. तेव्हा सगळा डाव मला लख्ख दिसला. शिकवायला बोलावलं हे खोटंच. म्हाताऱ्याचा हात गेला हे सिद्ध करायला बोलावलं होतं. मी डबा उचलला आणि तिच्याशी न बोलता निघालो.

घरी आलो तो तापलेला. बायको ब्लाउज शिवत बसली होती. मी सगळं सांगितलं. ती मशीनवरून मान वर न करता म्हणाली, "असेलही मोठा."

"काय असेल?"

"हात. तुम्ही घरात काही केलंत की ते मोठंच होतं. तुमच्या पोळपाटावरची पोळी माझ्या तव्यात कधी मावली? ते मसाल्याच्या डब्याचं झाकण आठवा."

सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात. माझा तर सुंभच अजून जळायचा होता. मी गॅलरीतून एक पट्टी आणली, उरलेल्या सागवानाची, आणि म्हटलं, माप सांग. नजरेने कापतो. तुझ्या टेपने तू मोज. ती म्हणाली, "तीस." म्हणजे तीस सेंटिमीटर. मी पट्टी समोर धरली, नखाने खूण केली, करवतीने कापली आणि तिच्यासमोर टाकली. तिने गळ्यातली शिवणाची टेप काढून लावली.

"एकतीस," ती म्हणाली, "आणि वर दोन रेघा."

तीनशे बारा मिलिमीटर. मी तो आकडा ऐकला आणि तिथल्याच स्टुलावर बसलो.

हा आकडा मला माझ्या मुलांच्या वाढदिवसांपेक्षा जास्त पाठ होता. त्याचं असं असतं. वितळलेलं स्टील थंड होताना आकसतं, मीटरला वीस मिलिमीटर. म्हणजे तीनशेची वस्तू हवी असेल तर पॅटर्न तीनशे सहाचं करावं लागतं. शिवाय ओतलेल्या वस्तूची दोन्ही तोंडं पुढे मशीनवर तासली जातात, त्यासाठी प्रत्येक तोंडाला तीन वाढवायचे. झाले तीनशे बारा. हे कुठल्या ड्रॉइंगवर लिहिलेलं नसतं. ड्रॉइंगवर तयार वस्तूचं माप असतं, वाढवून घेणं हे पॅटर्नवाल्याचं काम. आमची पट्टीसुद्धा वेगळी असते, तिच्यावरच्या रेघाच आकसण्याच्या हिशेबाने लांब आखलेल्या असतात. जन्मभर तीच पट्टी आणि बहुतेक स्टीलचंच काम. "तीनशे" म्हटलं की माझा हात तीनशे बाराला जाऊन थांबत होता, आणि मला वाटत होतं तो तीनशेलाच थांबला आहे. हवेतल्या वस्तूला थंड व्हायचं नव्हतं, तिला कुणी तासणार नव्हतं. पण ते हाताला कुणी सांगितलं होतं?

मी हसायला लागलो. बायकोला समजावून सांगितलं. तीही हसली, पोळपाटाचा खुलासा एवढ्या वर्षांनी मिळाला म्हणून. मग म्हणाली, "बरं झालं. सोमवारी त्या पोरीला सांगा. बिचारी डोकं फोडत असेल."

"सांगतो," मी म्हटलं.

शनिवार-रविवार मी विचार करत होतो. सांगितलं असतं तर काय झालं असतं? तिने ते लिहून घेतलं असतं, जसं झाडणं लिहून घेतलं होतं. दोन मिनिटांचं काम. स्टीलला इतके, बिडाला इतके, तासायला इतके. आणि मग आमच्या दोघांजवळ असं काय उरलं असतं जे त्या डबीजवळ नव्हतं? बाकड्यावरची शेवटची वस्तू होती ती, कुठेही न लिहिलेली. मला वाटलं, ही आपण होऊन द्यायची म्हणजे वेडेपणा आहे. यात मला त्या वेळी काही वाईट वाटलं नाही, हेही सांगून टाकतो. उलट मी खूश होतो. ते मला फसवत होते असं मी धरून चाललो होतो, त्यामुळे मी फसवतोय असं मनातच आलं नाही.

सोमवारी गेलो तर मुलगी दारातच उभी होती.

"काका, सॉरी. मी त्या दिवशी फार उद्धटपणे बोलले का? तुम्ही तसेच निघून गेलात. पण आता टेन्शन घेऊ नका. आम्ही तुमचा हात दुरुस्त केलाय."

"म्हणजे?"

"म्हणजे तुम्ही नेहमीसारखंच काम करायचं. तुमचं जास्तीचं माप सॉफ्टवेअर आपोआप काढून टाकतं. आता बघा, ड्रॉइंगला परफेक्ट येईल."

मी हात हवेत धरले, तीनशेचं झाकण घडवलं, आणि स्क्रीनवर तीनशे आलं. बरोबर तीनशे. तिने टाळी वाजवली. मला पुढचं सगळं दिसत होतं: हे तीनशेचं झाकण लाकडात कोरलं जाईल, वाळूत दाबलं जाईल, आणि स्टील थंड झालं की हातात दोनशे चौऱ्याण्णव येईल. तासायला काही उरणं तर सोडाच.

दुपारी आम्ही खाली उभं राहून कॉफी घेतली, इथल्या रीतीने एकीचे दोन कप करून. तिने तिचा कप हातात धरून ठेवला आणि सरळच विचारलं, "काका, आम्ही सगळे सॉफ्टवेअरवाले. फाउंड्री मी अजून आतून पाहिलेलीही नाही. असं काही आहे का, जे आम्हाला माहीत असायला हवं आणि आम्ही विचारलंच नाहीये?"

त्या प्रश्नात काय डाव असेल ते मी शोधलं. नव्हता. तिला माहीत करून घ्यायचं होतं, एवढंच होतं.

"काही नाही," मी म्हटलं. "चाललंय ते बरोबर चाललंय."

त्या दिवशी मी कॉफी पूर्ण प्यालो.

खरं काम म्हणून मालकाने एका पंपाचं झाकण दिलं, स्टीलचं, तीनशे व्यासाचं. मी हवेत घडवलं, मशीनने लाकडात कोरलं, आणि ते पॅटर्न आमच्या शॉपमध्ये आलं. आमच्याकडे एक रीत आहे. पॅटर्न तयार झालं की सगळ्यात जुना माणूस ते मोजतो, सगळीकडून बोट फिरवतो आणि "सरी" म्हणतो, म्हणजे कन्नडमध्ये ठीक आहे. तो म्हणेपर्यंत त्याला रंग लागत नाही, आणि रंग लागल्याशिवाय ते फाउंड्रीला जात नाही. ही रीत जुन्या मालकांच्याही आधीची. जोडीदार त्या आठवड्यात गावच्या यात्रेला गेला होता. बाकड्यापाशी मी, मालक आणि ती मुलगी, हौसेने मुद्दाम आलेली.

पॅटर्न सुंदर होतं. अशी गोलाई माझ्या हातून आता आली नसती. मी बोट फिरवलं. माझी पट्टी खिशात होती, ती मी काढली नाही. साधी स्टीलची पट्टी लावली, तीनशे भरलं.

"सरी," मी म्हटलं.

मुलीने त्याचा फोटो काढला. तिने मलाही फोटोत घेतलं, पॅटर्नवर माझा हात ठेवायला लावून.

पुढे जे व्हायचं ते झालं. फाउंड्रीतून झाकण आलं, गिऱ्हाइकाने मोजलं आणि परत पाठवलं. एक नाही, ओतलेला सगळा लॉट. मालकाने मला विचारलं, तुम्ही तर पाहिलं होतं ना? मी म्हटलं, ड्रॉइंगला बरोबर होतं. त्यात एक अक्षर खोटं नव्हतं. मग त्याने इंदिरानगरला फोन लावला आणि दार लावून घेतलं. संध्याकाळी बाहेर येऊन म्हणाला की असल्या खेळण्यांवर आपला धंदा चालणार नाही, बाकडं आहे तसं राहू दे, पुढच्या दोन वर्षांचं काम आहे.

जोडीदार गावाहून परतला तेव्हा मी त्याला बातमी दिली. मशीन नापास झालं, एवढीच. त्याने यात्रेचा प्रसाद आणला होता, तो आधी बाकड्यावर ठेवला, हात जोडले, मग मला दिला. "देवानंच केलं अण्णा," तो म्हणाला. मी प्रसाद खाल्ला. चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं झालं, पुढे कितीतरी दिवस फोन वाजला की मी आधी नंबर बघायचो.

फोन आला तो तीनेक आठवड्यांनी, सकाळी अकराच्या सुमाराला. माझे दोन्ही हात पुट्टीने भरलेले होते. मी कोपराने फोन सरकवला, आणि जोडीदाराने पुढे होऊन बटण दाबून स्पीकर लावून दिला. समोरून गाड्यांचे आवाज येत होते.

"काका, मी मारतहळ्ळीला बसची वाट बघतेय. पुण्याला चाललेय, परत. म्हटलं निघायच्या आधी एक सांगावं. माझंच चुकलं होतं."

मी हातातल्या पॅटर्नच्या कोपऱ्यात पुट्टी दाबत राहिलो.

"ते काम बंद झाल्यावर मी एका फाउंड्रीत गेले, माझी मीच. तिथे वाळूचे साचे करणाऱ्या एका मोल्डर आजोबांनी दोन वाक्यांत सांगितलं, स्टील आकसतं म्हणून. काका, तुमचा हात बरोबर होता. तो आम्हाला पहिल्या दिवसापासून खरं सांगत होता, आणि मी तो दुरुस्त केला."

"अगं, होतं असं," मी म्हटलं.

"ऑफिसमध्ये एक-दोघं म्हणत होते की तुम्ही मुद्दाम गप्प बसलात. मी त्यांच्याशी भांडले. मी म्हटलं, त्यांच्या हातात ते इतकं मुरलंय की सांगायचं त्यांना सुचलंच नसणार. आपल्याला श्वास कसा घेता असं विचारलं तर सांगता येईल का? हो ना, काका?"

हो म्हटलं की संपत होतं. शब्द तयार होता, तोंडात होता. आयुष्यभर मी प्रत्येकावर संशय घेतला, भाजीवाल्यापासून डॉक्टरपर्यंत. आणि ज्या एका माणसाने माझ्यावर संशय घ्यायला हवा होता, घेणं त्याचा हक्क होता, ती पोरगी माझ्यासाठी चार लोकांशी भांडून आली होती. मला इतकी लाज वाटली की हातातलं काम खाली ठेवावं लागलं.

"मला माहीत होतं," मी म्हटलं.

पलीकडे नुसता रस्ता वाजत होता.

"कधीपासून?" तिने विचारलं.

"तू हात दुरुस्त केलास, त्याच्या आधीपासून."

"मी विचारलं होतं तुम्हाला."

"हो. विचारलं होतंस."

"बरं," ती म्हणाली. काका म्हणाली नाही. आणि फोन बंद झाला.

मी हात पुसायला फडकं शोधू लागलो. जोडीदाराने ते माझ्यापुढे सरकवलं. त्याने सगळं ऐकलं होतं. मला वाटलं, तो काहीतरी म्हणेल. हे मी त्याच्यासाठीही केलं होतं, त्याची मुलं अजून शाळेत आहेत, हे बाकडं त्याचंही होतं. मी तसं सांगायला तोंड उघडलं. पण तो माझ्याकडे बघतच नव्हता. मी सकाळी पुरं करून, "सरी" म्हणून रंगासाठी बाजूला ठेवलेलं एक पॅटर्न होतं. ते त्याने उचललं, आपल्या बाजूला नेलं आणि पट्टी लावली. वीस वर्षांत माझ्या हातचं लाकूड त्याने कधी पुन्हा मोजलं नव्हतं. लांबी मोजली, रुंदी मोजली, मग परत एकदा लांबी. माप बरोबर होतं. त्याने ते जागेवर ठेवलं आणि माझं दुसरं उचललं.